शनिवार कुठं भरवायचा?

पत्र थोडक्यात असं:

छत्रपती संभाजीनगरमधला २७ वर्षांचा एक वाचक लिहितो. वाळूजच्या एका कंपनीत नोकरी, आणि चौघांचा बँड. तो गिटार वाजवतो, गाणी लिहितो. सोबत ड्रम, कीबोर्ड आणि एक गायिका. गाणी मराठी, स्वतःची. सिडकोतल्या एका कॅफेच्या गच्चीवर तीन वर्षं दर शनिवारी ओपन माइक व्हायचा, म्हणजे नाव द्यायचं आणि नंबर आला की गायचं. चाळीसेक माणसं जमायची, त्यातली निम्मी गाणारी-वाजवणारीच. शेजारी नवी इमारत उभी राहिली, तिथून तक्रारी सुरू झाल्या, त्यातच घरमालकानं भाडं वाढवलं आणि मार्चमध्ये कॅफेवाल्यानं जागा सोडली. त्याआधी दोन ठिकाणं अशीच गेली होती. आता ड्रमर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात 'विकला गेलाय', गायिकेला घरून परवानगी मिळत नाही, वडील म्हणतात, "झालं ना आता? लाग कामाला." एक गोडाऊन २८,००० रुपये भाड्यानं मिळतंय, एक लाख डिपॉझिट. साठवलेले साडेतीन लाख आहेत. 'या शहराला गाणं ऐकायचंच नाही. जागा नाही म्हणजे आम्ही संपलो. ताई, पुण्याला जाऊ की गोडाऊन घेऊ?'

•••

ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ अरे-तुरेच करते.

आधी गोडाऊनचं बोलू. मालक टोकनसाठी मागं लागलाय असं लिहिलंस, आणि ते पैसे एकदा गेले की बाकीची चर्चा फुकट. तुझेच आकडे घेते. भाडं २८,०००. वीज चार हजार तरी धर, कारण पत्र्याच्या शेडमध्ये आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये मोठ्या कूलरशिवाय कुणी दहा मिनिटं बसणार नाही. झाडलोट आणि राखणीला एक माणूस, सहा हजार. किरकोळ दोन हजार. महिन्याला झाले ४०,०००. शनिवार चार, म्हणजे एक शनिवार दहा हजाराला पडला. तिकीट दीडशे ठेवलं तर दर वेळी ६७ माणसं पैसे देऊन यायला हवीत. कॅफेत येत होती चाळीस, तीही फुकट. हीच चाळीस माणसं न कुरकुरता दीडशे देतील असं धरलं, तरी महिन्याला चोवीस हजार जमतील आणि सोळा हजार तुझ्या खिशातून जातील. साडेतीन लाखांतले एक लाख डिपॉझिटमध्ये अडकले. वायरिंग, आवाज अडवायचं काम, साधंसं स्टेज यात दीड लाख गेले. उरलेला लाख सहा महिने पुरेल. सातव्या महिन्यात तूही शटर ओढशील. कॅफेवाल्याची निदान कॉफी तरी विकली जात होती.

म्हणून गोडाऊन नको. टोकन देऊ नकोस. यात 'बघू, विचार करू' असं काही ठेवत नाही मी.

कॅफेवाल्याविषयी तू बरंच कडू लिहिलं आहेस. 'आम्हाला वाऱ्यावर सोडलं' वगैरे. त्याच्या गल्ल्यावर बसून एकदा बघ. शनिवारची संध्याकाळ म्हणजे खाण्यापिण्याच्या धंद्यात आठवड्याची कमाई. त्याच वेळेला गच्ची गाणाऱ्यांनी भरलेली, एकेकानं एक कोल्ड कॉफी मागवलेली आणि तिच्यावर तीन तास काढलेले. टेबल रिकामं होत नाही, दुसरं गिऱ्हाईक जिन्यावरून परत जातं. तीन वर्षं त्यानं हे चालू दिलं, यातच त्याची हौस दिसते. गाणं असलेल्या जागा बंद पडतात त्या बहुतेक अशाच, भाडं आणि टेबलाचा हिशोब जुळेना म्हणून. कुणी संगीताचा शत्रू असावा लागत नाही. त्याला भेटायला जा. राग काढायला नको, आभार मानायला जा. या गावातल्या हॉटेलवाल्यांत कुणाला गाण्याची आवड आहे आणि कुणाची माडी रिकामी पडून असते, हे तुझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत असेल.

आता 'या शहराला गाणं ऐकायचंच नाही' हे वाक्य. माफ कर, पण हे मला पटत नाही. १४ जानेवारीला नामविस्तार दिनाच्या दिवशी विद्यापीठाच्या गेटपाशी एकदा जाऊन ये. भीमगीतं ऐकायला गावोगावहून माणसं येतात, लेकरं कडेवर घेऊन थंडीत उभी राहतात. खुलताबादच्या उरुसात कव्वाली ऐकणाऱ्यांना घड्याळ दिसत नाही. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात किती दिंड्या उतरतात ते सांगायला नको. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर आराधी गाणी, नांदेडच्या गुरुद्वारात रागदारीतलं शबदकीर्तन, अंबाजोगाईला दर नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह. त्या समारोहाला आसपासच्या तालुक्यांतली माणसं येतात आणि शेवटची भैरवी झाल्याशिवाय उठत नाहीत. खुद्द तुझ्या शहरात पंडित नाथराव नेरळकरांनी किती गळे तयार केले. ते मूळ नांदेडचे, २०२१ साली गेले. एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या आवारात महागामी गुरुकुलात ध्रुपद आणि कथक शिकायला परप्रांतातून पोरी येऊन राहतात.

मराठवाड्याला गाणं ऐकायचं नाही असं म्हणायला जीभ धजावत नाही माझी. तुझं गाणं अजून या माणसांपर्यंत गेलेलं नाही, एवढंच म्हणता येईल. आणि त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे: चाळीसमधली निम्मी गाणारी. ओपन माइकला आलेला अर्धा श्रोता आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत असतो. तुमच्या टाळ्या आपसातल्या होत्या. नव्या माणसाला पहिलं गाणं सगळ्यांसमोर म्हणायला अशी मायेची जागा लागतेच, तिला मी नावं ठेवत नाही. पण तीन वर्षांत न गाणारा, नुसता ऐकायला आलेला, दुसऱ्या शनिवारी बायकोला घेऊन आलेला माणूस किती वेळा दिसला? अशांचे नंबर कुणी लिहून ठेवले होते का? ठेवले असते तर गच्ची गेल्यावर त्यांना 'आता इथं या' असं सांगता आलं असतं.

माझ्या मते तुमचं खरं नुकसान इथं आहे. गच्ची गेली हे खरंच, पण गच्चीबरोबर शनिवारही गेला. तो जायला नको होता.

आमच्या गल्लीत गुरुवारचं भजन आहे. पेटी एकाच्या घरी, पखवाज दुसऱ्याच्या, टाळांची पिशवी आणि सतरंज्या मारुतीच्या देवळातल्या कोनाड्यात. देवळाचं काम निघालं तेव्हा भजन एका वाड्याच्या ढेलजेत बसलं. वाडा पाडून तिथं अपार्टमेंट झालं तेव्हा पार्किंगमध्ये बसलं. पार्किंगमधल्या एका गृहस्थांनी कुरकुर केली तेव्हा पाळीपाळीनं घरोघर. जागा बदलत गेल्या, गुरुवार कुणी हलवला नाही. बुधवारी संध्याकाळी फोन फिरायचा, "उद्या कुणाकडं?" भजन होणार का, असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. या सगळ्यामागं एक सेवानिवृत्त पोस्टमन आहेत. आवाज बेताचा, ताल जेमतेम. पण पेटी कुणाकडून आणायची, चहा कुणाकडं, कोण आजारी आहे म्हणून आज पखवाजाला कुणाला सांगायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. तुमच्या शनिवारचा पोस्टमन कोण होता? कॅफेवालाच असणार. तो गेला आणि फोन फिरायचा थांबला.

भजनाची उपमा सरसकट लागू होत नाही, हेही सांगते. भजनाला भाडं नसतं, ड्रमसेट नसतो, आणि गुरुवारी देवाचं नाव चाललंय म्हटल्यावर शेजारी सहसा पोलिसांना फोन करत नाही. शिवाय कुणाच्या ओसरीवर कोण बसू शकतं याचा हिशोब गावाला तोंडपाठ असतो. तुमच्या गच्चीवर कॉफीचे पैसे टाकले की कुणीही बसत होतं. आडनाव कुणी विचारत नव्हतं. फिरत्या शनिवारात ही गोष्ट सांभाळायला जास्त कष्ट पडतील, कारण प्रत्येक नवा यजमान आपापली माणसं आणि आपापल्या अटी घेऊन येणार. 'सगळ्यांना दार उघडं' ही एकच अट तुमची, बाकी त्याच्या. हे पहिल्याच भेटीत बोलून घे.

मग शनिवार भरवायचा कुठं? हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा आषाढी जवळ आली असेल. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, तुळशीचं लग्न लागेपर्यंत मंगल कार्यालयं ओस. आजकाल काढीव मुहूर्त असतात हे मान्य, पण पितृपक्षात तर काळं कुत्रंही तिकडं फिरकत नाही. सिडको-हडकोपासून बीड बायपासपर्यंत किती कार्यालयं आणि लॉन्स आहेत मोज. त्यांच्या मालकांना या चार महिन्यांत वीजबिलापुरते पैसे मिळाले तरी चालतात. मोठा हॉल मागू नकोस. प्रत्येक कार्यालयात जेवणाचा छोटा हॉल किंवा वरपक्षाची मोठी खोली असते. साठ माणसं, तीन तास, जेवण नाही, डेकोरेशन नाही, नऊला झाडून परत, असं स्पष्ट बोल. भाड्याची बोली एका शनिवारची कर, महिन्याची नको. खुर्च्या त्यांच्याच वापर.

कार्यालयात एक अडचण येईल, आवाज घुमण्याची. फरशी, चुना आणि उंच छत यांच्यात ड्रमची थाप भिंतीभिंतीवर आपटत राहते आणि शब्द कळत नाहीत. तुमची तर गाणीच शब्दांची. त्यावर महागडा इलाज नाही लागत. कार्यालयातल्याच जाड सतरंज्या आणि मागचे पडदे बाजूच्या दोन भिंतींना टांगायचे, माणसं स्टेजपासून लांब न बसवता हातभर अंतरावर बसवायची, स्पीकर लहान आणि कानाच्या उंचीला ठेवायचे. ड्रमसेटऐवजी काहोन, म्हणजे वर बसून हातानं वाजवायचा लाकडी खोका, किंवा ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश. अर्धा गोंगाट तिथंच संपतो. (हलगी-संबळ घेऊन या असं मी म्हणणार नाही. ती वाद्यं मुळात गल्ली जागी करण्यासाठीच जन्माला आली आहेत.)

कार्यालय नाही जमलं तर वाचनालयं बघ. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, अनुदान घेणारी वाचनालयं तालुक्यातालुक्यात आहेत, आणि पुष्कळांकडे एक छोटं सभागृह असतं. ते व्याख्यानमालेचा आठवडा सोडला तर कुलुपात. तिथल्या कार्यवाहांना 'बँड' म्हटलं की अंगावर काटा येईल. 'मराठी कवितांचं गायन' म्हण. खोटं नाही ते. गाणी तुझीच आहेत, मराठीतच आहेत. कॉलेजची सभागृहं मिळतात, पण एखादा प्राध्यापक पाठीशी हवा. खासगी क्लासवाल्यांच्या मोठ्या खोल्या संध्याकाळच्या बॅचनंतर रिकाम्या होतात. लातूरकरांनी मात्र हा उपाय करून बघू नये. तिथं रात्री दहालाही एक बॅच चालू असते आणि बाजूला अभ्यासिका.

संत एकनाथ रंगमंदिर, संत तुकाराम नाट्यगृह ही मोठी नावं मी मुद्दाम मागं ठेवली. ती शेकडो खुर्च्यांची नाट्यगृहं आहेत. चाळीस माणसांचा कार्यक्रम तिथं केविलवाणा दिसतो, आणि दुरुस्तीच्या नावाखाली पालिकेचं नाट्यगृह किती काळ बंद राहू शकतं हे नाटकवाल्यांना विचार. ती नीट चालावीत म्हणून गावानं भांडायलाच हवं. पण तुझा शनिवार त्या भांडणाच्या निकालावर टांगून ठेवू नकोस.

शेजाऱ्यांचा विषय. पत्रात 'नव्या बिल्डिंगवाल्यांनी आमची गच्ची मारली' असं आहे. ते नंतर आले आणि तुम्ही आधीपासून होता, म्हणून राग स्वाभाविक आहे. हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. ब्रिटनमध्ये छोट्या संगीत-जागांसाठी काम करणारी म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट नावाची संस्था आहे. तिच्या हिशोबानं २०२३ या एका वर्षात तिथल्या १२५ जागा बंद पडल्या किंवा तिथलं गाणं थांबलं. इंग्लंडनं २०१८ मध्ये नगररचनेच्या धोरणात एक गोष्ट आणली: जुन्या संगीत-जागेशेजारी जो नवी इमारत बांधेल, आवाज अडवायची सोय त्यानं करायची. ती आल्यावरही जागा बंद पडतच आहेत, कारण भाडं आणि वीजबिल त्या धोरणाला जुमानत नाही. आपल्याकडं तर असा आधारही नाही. इथं आधी कोण आलं हे कुणी विचारत नाही, आवाज किती आहे ते विचारतात.

आणि तो किती चालतो हे तुला माहीत असायला हवं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा. ड्रमसेटजवळ शंभरच्या आसपास सहज जातं, मग गच्चीवरून पंधरा फुटांवरच्या खिडकीत किती पोचत असेल याचा अंदाज कर. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बंद सभागृहाला आतल्या आत वापरायला ही वेळ लागू नाही, पण गच्ची म्हणजे सभागृह नव्हे, वर पत्रा टाकला तरी नव्हे. दवाखाना, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या आसपासचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असला, तर तिथं मर्यादा आणखी कमी. नवी जागा बघायला जाशील तेव्हा शनिवारीच, संध्याकाळी सातला जा. एकानं आत वाजवायचं, दुसऱ्यानं फोनवरचं आवाज मोजायचं अॅप घेऊन शेजारच्या भिंतीपाशी उभं राहायचं. फोनचा आकडा कोर्टात चालणार नाही, पण तुला अक्कल येण्यापुरता पुरे. पहिल्या कार्यक्रमाआधी आजूबाजूच्या चार घरांत जाऊन, किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद हे सांगून, तुझा नंबर देऊन ये. तक्रार करायची झाली तर माणूस आधी तुला फोन करील. त्या नव्या इमारतीतही पहाटेच्या शिफ्टला जाणारा, तुझ्यासारखाच वाळूजला, कुणीतरी राहत असेल.

कागदपत्रांचं पटकन सांगते. तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करायचा तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन काय परवानगी लागते ते विचार, कार्यालयाचा मॅनेजर सोबत असला तर काम लवकर होतं. संगीताच्या कार्यक्रमाला माणशी पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्कावर जीएसटी नाही, तेव्हा त्या भीतीनं 'ऐच्छिक देणगी' असली लपवाछपवी करू नकोस. दुसऱ्यांची गाणी जाहीर कार्यक्रमात म्हणायची तर हक्कांचे पैसे भरावे लागतात. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं आयपीआरएस ही संस्था ते घेते. स्वतःची आणि जुनी पारंपरिक गाणी म्हणाल तर बहुधा हा प्रश्न येणार नाही. अभंग तुकोबांचा असला तरी चाल कुणाची आहे ते मात्र बघ. संस्था नोंदवायची घाई करू नकोस. सात सभासद, घटना, दरवर्षीचा हिशोब हे सगळं लागतं, आणि वर्षभर एकत्र टिकल्याशिवाय ती सात नावं कुठली घालायची हेच कळत नाही.

तिकीट मात्र लाव. शंभर-दीडशे चालतील. आणि आलेल्या पैशांतून आधी साउंडवाल्याचे पैसे दे, मग जागेचे, मग गाणाऱ्यांची बिदागी. बिदागी दोनशे रुपये का असेना, पाकिटात घालून, नाव लिहून. फुकट गायला लावलेला माणूस तिसऱ्या वेळी येत नाही, आणि फुकट ऐकणारा पाऊस आला की घरी बसतो.

आता गायिकेचं. तुझ्या लांबलचक पत्रात तिला एक ओळ मिळाली आहे: 'घरून परवानगी नाही'. मला ती ओळ सगळ्यात जास्त लागली. कॅफेला परवानगी होती ना? मग आता का नाही? तू तिला किंवा तिच्या आईला हे विचारलं आहेस का? मी अंदाज करते. कॅफे ओळखीचा होता, खाली दुकानं उघडी असायची, रस्त्यावर दिवे होते, बाथरूम बरं होतं, कार्यक्रम किती वाजता संपतो हे घरी माहीत होतं. तुमच्यासाठी गच्ची म्हणजे स्टेज. तिच्यासाठी ती 'जाऊ देण्यासारखी जागा' होती, आणि आपल्याकडं मुलीला अशी जागा पुन्हा कमवायला वर्षं जातात. तू ते औद्योगिक भागातलं गोडाऊन घेतलं असतंस तर तिचं गाणं तिथंच संपलं असतं, रात्री नऊला तिथून रिक्षासुद्धा मिळत नाही. म्हणून जागा निवडताना पहिली परीक्षा तिच्या बाजूनं घे. रस्ता उजेडाचा आहे का, बायकांसाठी स्वच्छ बाथरूम आहे का, नऊला संपतं का, परत सोडायला कोण आहे. सहाला सुरू करा. पहिल्या कार्यक्रमाला तिच्या आईवडिलांना बोलाव आणि पुढच्या रांगेत बसव. याच पायरीवरून इतर बायकाही येतील, ज्या आजवर तुमच्या चाळीसमध्ये फारशा नव्हत्या असा माझा संशय आहे.

ड्रमरला 'विकला गेला' म्हणू नकोस. लग्नसराईत, गणपतीत, नवरात्रात, एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकांत वाजवून या भागातल्या कितीतरी वादकांनी घरं चालवली, बहिणींची लग्नं केली. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे गणपती-नवरात्र सोडलं तर तोही मोकळाच आहे. त्याला फोन कर. ऑर्केस्ट्रात त्यानं एक गोष्ट शिकली असेल जी तुम्हा तिघांना येत नाही: ज्या माणसाला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, जो जेवायला आलाय, त्याला मान वर करून बघायला लावायचं कसं. त्याच्या ओळखीतून साउंडवालाही स्वस्तात मिळेल.

आणि पुणं. जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. तिथं ऐकणारे जास्त, शिकवणारे जास्त, आणि तुझ्यापेक्षा बरं वाजवणारी पोरं गल्लीगल्लीत भेटतील, ज्याची तुला गरज आहे. पण जायचं तर कशासाठी हे ठरवून जा. शिकायला जात असशील, एखाद्याकडं गाण्याची बांधणी नाहीतर रेकॉर्डिंगचं काम शिकायला, तर जरूर जा. इथं कुणी ऐकत नाही म्हणून जात असशील तर तिथंही पहिल्या दिवशी कुणी ऐकणार नाही. जागा तिथल्याही भाड्याच्याच, आणि खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि नवी नोकरी सांभाळून शनिवारची संध्याकाळ किती जणांना मोकळी मिळते ते तिथं गेलेल्या मित्रांना खरं खरं सांगायला लाव. शिवाय चौघं जाणार की तू एकटा? पत्रात 'आम्ही' लिहून शेवटी 'जाऊ की घेऊ' एकट्यानंच विचारलंस. बाकीच्या तिघांना हा प्रश्न अजून विचारलेला नाहीस, असं मला वाटतं. पुण्याची बस कधीही मिळते. आधी महिन्यातून एकदा तिथल्या एखाद्या ओपन माइकला नाव नोंदवून जाऊन ये. तिकीट आणि जेवणात भागेल.

दर शनिवार तुम्हाला सुरुवातीला झेपणार नाही. महिन्यातला एक धर, पण तो कायमचा, समज दुसरा शनिवार. सरकारी कचेऱ्या आणि बँकांना सुट्टी असते, माणसं निवांत असतात. एक नाव ठरव जे जागेवर अवलंबून नाही. 'अमुक कॅफे सेशन' असलं नाव ठेवलं होतं, ते कॅफेबरोबर गेलं. दारात वही ठेवायची, येणाऱ्याचं नाव आणि नंबर लिहून घ्यायचा. आणि दर वेळी अर्धा तास तुमच्या वर्तुळाबाहेरच्या कुणाला तरी द्यायचा. भीमगीतं म्हणणारा नागसेनवनातला पोरगा, किराडपुऱ्यातला एखादा कव्वाल, शाहिराची नात, वारकरी शिक्षणसंस्थेतला पखवाजी. त्यांच्यामागं त्यांची माणसं येतील आणि तुझं गाणं पहिल्यांदा अनोळखी कानांवर पडेल. तिथं ते टिकलं नाही, तर दोष हॉलला देता येणार नाही, हे धोक्याचं आहेच.

तुळशीचं लग्न लागलं की कार्यालयवाले तुला उठवतील. तोवर चार शनिवार झाले असतील आणि वहीत नावं असतील. ती वही घेऊन वाचनालयाच्या कार्यवाहांकडं जाणं सोपं पडेल. वहीत गाणाऱ्यांचीच नावं निघाली तर मला पुन्हा लिही, मग आपण गाण्यांविषयी बोलू, आणि ते पत्र जरा कडक असेल.

वडिलांशी वाद घालू नकोस. साडेतीन लाख जिथं आहेत तिथंच राहू दे आणि तसं त्यांना सांग. त्यांचा निम्मा विरोध त्या पैशांच्या काळजीचा असणार.

नांदेड, परभणी आणि बीडहूनही याच अर्थाची पत्रं आली आहेत, त्यांना वेगळं उत्तर लिहीत नाही. तुमच्या गावात चातुर्मासात तीन तासांसाठी छोटा हॉल कुठं आणि किती रुपयांत मिळाला, बाथरूम कसं होतं आणि शेजारी काय म्हणाले, हे कळवा. पुढच्या सदरात गावनिहाय देते.